वरच्या रांगेतला दहा नंबर

"दहा संपला," अंगठाकाका म्हणाले. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही.

पाहायची गरजही नव्हती. दहा नंबर कुठं आहे ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. डाव्या भिंतीवर, छताला टेकलेल्या सगळ्यात वरच्या रांगेत, तपकिरी रुंद बुटांच्या चळतीत, खालून तिसरं खोकं. त्यांनीच ते तिथं लावलं होतं, हात धड होता तेव्हा.

समोरच्या बाकावर निवृत्त पोस्टमन बसले होते. ताडमाड माणूस, हात गुडघ्यापर्यंत येणारे, आणि जन्मभर दारोदार चालून पसरट झालेले पाय. नोकरीला लागल्यापासून त्यांचे बूट याच दुकानातले.

"मागच्या खेपेलाही संपला होता," पोस्टमन म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आज येतो की उद्या, तसं विचारल्यासारखं ते बोलले.

"कंपनीकडूनच येत नाही हो. नऊ बघता का? हाच आहे, रुंदच."

नऊ नंबर कमरेच्या उंचीला होता. काकांनी तो डाव्या हातानं ओढून काढला, खाली ठोकळ्यावर बसले, पोस्टमनांचा पाय मांडीवरच्या फडक्यावर घेतला आणि बूट चढवला. चढला, पण कुरकुरत. मग सवयीनं त्यांचा अंगठा बुटाच्या टोकावर गेला. आत पायाचं बोट थेट चामड्याला भिडलेलं होतं. मध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती.

"जरा घट्ट वाटतो का?" पोस्टमननी विचारलं. आपल्याच पायाबद्दल दुसऱ्याला विचारत होते ते.

 काकांच्या उजव्या खांद्यात, अगदी पुढच्या बाजूला, ओली जखम दाबावी तशी कळ उठली होती.

"सैल होईल," ते म्हणाले. "चामडं आहे. चार दिवस घातला की पायाचा होतो."

"तुम्ही म्हणताय म्हणजे होईलच."

पोस्टमन बूट घालूनच गेले. दारातून बाहेर पडताना त्यांचं पाऊल किंचित तिरकं पडलं, आणि ते काकांशिवाय कुणाला दिसलंही नाही.

आता, 'सैल होईल' हे शब्द काही पाप नव्हेत. चपला-बुटांच्या दुकानात ते दिवसातून शंभर वेळा बोलले जातात. पण अंगठाकाकांच्या तोंडून ते आजवर निघाले नव्हते. नावच त्यावरून पडलं होतं. बूट घातला की आपल्या अंगठ्यानं गिऱ्हाईकाच्या बोटापुढची जागा चाचपायची, आणि जागा नसेल तर बूट काढून घ्यायचा. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तरी द्यायचा नाही. "चावणारं जोडपं विकायचं नाही," असं ते म्हणत, आणि मालक वर हसून सांगत, "बुटांचं बोलतायत हो, लग्नाचं नाही." मालकांचं यात नुकसान होई, पण फार नाही. आज परत गेलेलं गिऱ्हाईक उद्या चार जणांना घेऊन येई. गावात बायका मुलांना सांगत, काका हो म्हणेपर्यंत घ्यायचा नाही.

त्यांची दुसरी ख्याती शिडीवरची. दुकान अरुंद आणि उंच, माल छतापर्यंत. हवं ते खोकं नेहमी चळतीच्या मधोमधच असतं, हा त्या धंद्याचा नियमच म्हणायचा. नवखा माणूस वरची आठ खोकी उतरवतो, मग हवं ते काढतो, मग आठ पुन्हा चढवतो. काका डाव्या तळव्यानं वरचा भार केसभर उचलत आणि उजव्या हातानं मधलं खोकं अलगद ओढून घेत. चळत जागच्या जागी खाली बसे. फुस्स असा हवेचा आवाज येई, बस. बाकावरची पोरं आ वासून बघत.

हे शिकवलं त्यांना थोरल्यांनी. थोरले म्हणजे दुकानातले आधीचे विक्रेते. त्यांचे गुडघे गेले, शिडी चढवेना, तेव्हा मालकांनी त्यांना मोठ्या मानानं दाराशी खुर्ची टाकून दिली. 'या, बसा' म्हणायचं काम. पगार तोच. थोरले काही दिवस 'या, बसा' म्हणाले. मग एक दिवस आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. खुर्ची तशीच राहिली आणि पुढं तिच्यावर छत्र्या ठेवायला लागले. खुर्ची मोडून भंगारात जाईपर्यंत काकांनी कैक वर्षं त्या छत्र्या पाहिल्या होत्या.

म्हणून हात वर जाईना झाला तेव्हा ते कुणाला बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी वरचे नंबर खाली आणून ठेवले, जेवढे मावले तेवढे. मग डाव्या हातानं निभावलं. पण वरच्या रांगेला दोन हात लागतातच. मग एकदा, गर्दीच्या वेळी, तोंडातून निघून गेलं, "संपला." गिऱ्हाईक "बरं" म्हणून गेलं. इतकं सोपं होतं ते.

*

काकूंचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर तोंडातून पहिलं वाक्य गोड निघालं पाहिजे. लग्न झाल्यापासून हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. मात्र नेम पहिल्या वाक्यापुरताच होता.

"उजाडलं छान आज," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पुन्हा खुर्चीत झोपलात?"

"पुस्तक वाचत होतो. डोळा लागला."

"पुस्तक कपाटात आहे. आणि चष्मा माझ्या उशाशी."

काका सदरा घालायला उठले. आधी दुखरा हात बाहीत, मग सदरा पाठीवरून ओढायचा, मग दुसरा हात. ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधली होती. काकू बघत होत्या.

"लहान मूल उलटा सदरा घालतं ना, तसं चाललंय तुमचं."

"काही नाही गं. जरा आखडलाय. झाकली मूठ..."

"तुमची मूठ झाकलेलीच राहायची. वर कुठं जातीय ती?" काकूंनी पुढं होऊन बटणं लावायला घेतली. गळ्याजवळचं बटण लावताना त्यांचा हात खांद्याच्या पुढच्या खोबणीला लागला आणि काकांचा श्वास अडकला. काकूंनी हात मागं घेतला. मग बाकीची बटणं सावकाश लावली. 

"आज दवाखान्यात जायचं," त्या म्हणाल्या. "दुकानात काय सांगायचं ते तुम्ही सांगा. हल्ली तुम्हाला तिथं काहीबाही सांगायची सवय झालीच असेल."

काकांनी चमकून पाहिलं. काकूंना ठाऊक काहीच नव्हतं. पण बायका अंदाजानंच नेम साधतात.

हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी काकांचा हात सगळीकडून फिरवून पाहिला. तळवा वर करून हात पुढं धरायला लावला आणि वरून दाबलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खांद्याची सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून समजावलं.

"खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे स्नायू असतात. त्यांचे दोर वरून, टोपी घातल्यासारखे, हाडाला चिकटलेले असतात. त्यातला वरचा दोर फाटलाय. आजचा नाही, बरेच महिने झाले असतील."

"तोच दुखतोय का?"

"गंमत तीच आहे. फाटलेला आता फारसा बोलत नाही. हा बघा, दंडाच्या स्नायूचा दोर. खांद्याच्या पुढून वर जातो. टोपीचे दोर सुटले तसा गोळा सांभाळायचा भार याच्यावर आला. याचं काम नव्हे ते. म्हणून हा सुजलाय, झिजलाय. ओरडतोय तो हा."

काका पडद्याकडे बघत राहिले. "बुटाची टाच मागून बसली," ते हळूच म्हणाले, "की पाय पुढं सरकतो आणि सगळा ताण नाडीवर येतो. लोक नाडी बदलून मागतात."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. "मग तुम्ही काय करता?"

"टाच शिवून घ्या म्हणतो."

"मीही तेच म्हणतेय."

वरचा दोर शिवायचा, दंडाचा दोर तिथून सोडवून जरा खाली बांधायचा. पुढं काही आठवडे हात झोळीत, काही महिने व्यायाम. आत्ता केलं तर शिवण धरेल, उशीर झाला तर स्नायू आटत जाईल आणि मग सुई कशात घालायची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"शाळा सुरू व्हायचा मोसम आहे," काका म्हणाले. "तेवढा जाऊ दे."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकू म्हणाल्या, "शाळेतल्या पोरांचे पाय दरवर्षी वाढणार. तुमचा मोसम कधी संपायचा?"  काकांच्या डोळ्यांसमोर दाराशी ठेवलेल्या छत्र्या होत्या.

*

मोसम गेला. त्यामागून दुसरा आला. मालक आता घरीच असत, दुकान त्यांची सूनबाई बघे. हुशार, तोंडानं थोडी फटकळ, काकांना मात्र अदबीनं वागवणारी. न खपलेला माल कंपनीला परत पाठवायचा दिवस जवळ आला होता आणि तिच्या डोक्यात तेच चाललेलं होतं.

दुपारी, दुकान रिकामं असताना, पोस्टमन आले. एका पायात तोच नऊ नंबर होता, त्याचा जोडीदार हातातल्या पिशवीत, दुसऱ्या पायात जुनी सपात, आणि सपातेतून पांढरी पट्टी दिसत होती. काठी नव्हती, पण ते दाराची चौकट धरून आत आले.

"काय झालं पायाला?" काका उठले.

"काही नाही हो. बोटाला जरा लागलं होतं, मला साखर आहे, भरायला वेळ लागला. नख काढलं डॉक्टरांनी." ते बाकावर बसले. "म्हटलं, दहा नंबर आला का बघावा. नाही आला तर राहू दे, पुन्हा येईन."

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी गल्ल्यामागून सूनबाई बोलली.

"दहा? रुंद तपकिरी ना? वर आहेत की. अख्खी चळत पडून आहे. कुणी घेतच नाही म्हणून परत पाठवायला काढणार होते मी. काका, तुम्हाला ठाऊक नाही?"

पंखा फिरत होता. पोस्टमननी वर पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते फक्त बघत होते, एखाद्या पाकिटावरचा पत्ता लागत नसावा तसे.

काका शिडीकडे गेले. चढले. डावा तळवा वरच्या खोक्यांखाली लावला. उजव्या हाताची बोटं भिंतीवरून, फळीवरून, कोळी चढावा तशी चालवत वर नेली. खोक्याची कड लागली. दातावर दात दाबून त्यांनी ओढ दिली.

टक्.

आवाज बाहेर आला की आतल्या आतच झाला, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. जुनी नाडी तुटावी तसा होता. चळत कलली आणि खोकी धडाधड खाली आली, बुटांचे कागद उडाले, सूनबाई "काका!" म्हणून धावली. काका शिडीला बिलगून उभे होते. हातात एकच खोकं राहिलं होतं आणि ते दहा नंबरचं होतं.

आणि खांदा दुखत नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पुढची ती कळ नव्हतीच. शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकून अचानक गप्प व्हावं, तशी शांतता. काकांना बरं वाटलं नाही, भीती वाटली.

ते खाली उतरले, ठोकळ्यावर बसले, फडकं मांडीवर घेतलं. पट्टीचा पाय तसाच ठेवून दुसऱ्या पायातला नऊ नंबर उतरवला आणि दहा चढवला. टोकावर अंगठा टेकवला. बोटापुढं बरोबर हवी तेवढी जागा होती.

"हा तुमचा," ते म्हणाले. आणि मान वर न करता, "हा इथंच होता. तुम्ही आलात त्या प्रत्येक वेळी. माझा हात वर जात नाही. म्हणून मी संपला म्हणालो."

पोस्टमननी पायातल्या बुटाकडे पाहिलं. सूनबाई पडलेली खोकी गोळा करता करता थांबली होती.

"मला वाटलं, म्हातारपणी पाय वाढला," पोस्टमन म्हणाले. "तुम्ही सैल होईल म्हणालात. चावला तरी घालत राहिलो. घरची म्हणाली, टाकून द्या. मी म्हटलं, त्यांनी बघून दिलाय, चुकत असेल तर माझंच काहीतरी चुकत असेल."

त्यांनी दहा नंबरचं खोकं घेतलं, पैसे दिले. उतरवलेला नऊ नंबर आणि पिशवीतला त्याचा जोडीदार बाकाखाली नीट ठेवला, टाचा जुळवून. "कुणाला बसला तर द्या," म्हणाले, आणि चौकट धरून बाहेर गेले.

काका पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिले. मग सूनबाईकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही माझी खुर्ची दाराशी टाका. मी काही म्हणणार नाही."

"कसली खुर्ची?" तिला काही कळलं नाही. कळावं कसं, थोरले गेले तेव्हा ती शाळेत असेल. काकांनी थोडक्यात सांगितलं. ते ऐकून ती नेहमीच्या फटकळपणानं म्हणाली, "दाराशी टाकायला खुर्ची आहे कुठं आपल्याकडे? गिऱ्हाइकालाच पुरत नाहीत. वरचं मी काढत जाईन. पायाशी बसायचं काम तुमचं. ते मला येत नाही." आणि थोड्या वेळानं, खोकी रचताना, पाठमोरीच, "पण काका, पुन्हा संपला म्हणायचं नाही. मी परत पाठवत होते तो माल."

"नाही," काका म्हणाले.

*

संध्याकाळपर्यंत दंड काळानिळा पडला आणि कोपराच्या जरा वर स्नायूचा गोळा उतरून बसला. लिंबाएवढा. काकूंनी तो पाहिला, आणि त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. "दंडाचा दोर तुटला," त्या म्हणाल्या. "मी जिथून सोडवणार होते तिथूनच. म्हणून दुखणं थांबलं. तो गोळा तसाच दिसेल. त्यानं फारसं अडायचं नाही, किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण काढताना जोर कमी वाटेल एवढंच."

"आणि वरचा?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "दोर मागं सरकलाय, स्नायू आटलाय. आता शिवला तर टाका धरेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. व्यायाम देते. छातीपर्यंत हात चांगला चालेल. त्याच्या वर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बिचारा दुसऱ्याचं ओढून ओढून तुटला. आणि तुटल्यावरच त्याला आराम."

काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण उगीचच काढून पुन्हा लावलं. "घरी चला," त्या म्हणाल्या. "बरण्यांची झाकणं मी काढत आलेय आजवर. पुढंही काढीन."

*

दुकानाची घडी नव्यानं बसली. सूनबाई शिडीवर चढे, काका खालून सांगत. "डाव्या तळव्यानं उचला. उचला म्हणजे ढकलू नका. श्वास सोडताना ओढा." चळत कोसळे. पोरं टाळ्या वाजवत. "सर्कस बघायला पैसे पडतात रे," सूनबाई वरून ओरडे. मग एक दिवस फुस्स आवाज आला आणि चळत जागच्या जागी बसली. तिनं वरून काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली आणि लगेच खाली बघून एका मुलीची नाडी बांधायला घेतली. ती नाडी बांधायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

पोस्टमन आले नाहीत. काका बाकाखालचा नऊ नंबर रोज फडक्यानं पुसून पुन्हा तिथंच ठेवत. सूनबाईनं एकदा विचारलं, "हा कुणाला द्यायचा नाही का?" काका म्हणाले, "बसेल त्याला." पण कुणाच्या पायाला त्यांनी तो लावून पाहिला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, सूनबाई बँकेत गेली होती तेव्हा, दारात सावली पडली. लांब सावली. पोस्टमन आत आले, चौकट न धरता. पायात दहा नंबर होता, चांगला वापरलेला.

"सँडल बघायच्या होत्या," ते म्हणाले. "उकडतं बुटात."

बाकावर बसले, बूट-मोजा काढला आणि पाय पुढं केला. त्या बोटाचं नख अजून अर्धंच आलं होतं. काकांनी फडकं मांडीवर पसरलं, पाय त्यावर घेतला. खालच्या रांगेतल्या सँडल काढल्या, पट्टा बांधला, बोटाच्या पुढं अंगठा टेकवला.

"ही बसत नाही," ते म्हणाले.

"सैल होईल की," पोस्टमन म्हणाले. चेहरा अगदी गंभीर होता, पण मिशी हलली.

"नाही होणार." काकांनी पट्टा सोडला. "रुंद दहा आहे. तिथं, सगळ्यात वर." त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "माझा हात पोचत नाही. सूनबाई येईपर्यंत थांबावं लागेल."

पोस्टमननी वर पाहिलं. रांग पाहिली, शिडी पाहिली. मग एका पायात बूट, एक पाय उघडा, असे उठले आणि पहिल्याच पायरीवर उभे राहिले. त्यांचा लांब हात छताला लागला.

"कुठलं?"

"खालून तिसरं. डाव्या तळव्यानं वरची किंचित उचला. ढकलू नका. श्वास सोडताना ओढा."

चळत डुगडुगली. काकांनी खाली उभं राहून दोन्ही हात पुढं केले, छातीपर्यंत, जात होते तेवढे वर, आणि खोकं येण्याची वाट बघत उभे राहिले.